बरोबरीची बैठक

समोरची खुर्ची सोडून शाल्मली मुद्दाम जमिनीवर बसली, तशी विड्या वळणारी नरसव्वा ताडकन उठून उभी राहिली.

विडी कामगार बायकांच्या आयुष्यातल्या विषमतेवर शाल्मली प्रबंध लिहीत होती. मुलाखती बरोबरीच्या नात्यानं घ्यायच्या, असं तिनं ठरवलं होतं.

"मावशी, बसा ना. मीही खालीच बसलेय."

"म्हणून तर उभी हाय. तुम्ही खुर्चीत बसा, म्हंजे मला बसता येईल."

शाल्मली गोंधळली. हा मान की धाक? "माझी भीती वाटते का?"

"छे! पाय दुखायला लागले," नरसव्वा म्हणाली.

शाल्मली निमूटपणे खुर्चीत बसली. तिच्या पायाशी ऐसपैस मांडी घालून नरसव्वा विड्या वळू लागली आणि कारखानदारापासून नवऱ्यापर्यंत सगळ्यांची उणीदुणी मोकळेपणानं काढू लागली.

वर शाल्मली अवघडून ऐकत राहिली. आता बरोबरी झाली की मोडली, हे तिला काही केल्या कळेना.