मालकाची भिंत

आमच्या ज्यू चित्रपट महोत्सवाला थिएटरमालकानं ऐनवेळी हॉल नाकारला. “तुमच्यापायी कुणी दगड मारले तर माझ्या काचा फुटतील, ताई. घरी बसून बघा की.” मी वरून हसले, मनात डूख धरला. घरबशांना लिंक पाठवल्या. बाकीच्यांसाठी थिएटरमागचं मैदान भाड्यानं घेतलं. अंधार पडताच गाड्या रांगेत लागल्या, सिनेमाचा आवाज त्यांच्या रेडिओवर आला आणि चित्र उमटलं थेट थिएटरच्या पांढऱ्या भिंतीवर. मालक तणतणत माझ्या गाडीशी आला. “भिंत माझी आहे.” माझ्या मांडीवर लेक दूध पीत होती. “तुमचीच, दादा,” मी म्हणाले. “उजेडानं झिजणार नाही. हळू बोला, बाळ दचकतं.” तो पाय आपटत थिएटरवरच्या घरात गेला. चित्रातल्या आजीच्या गालावर त्याच्या खिडकीचं काळं भोक होतं. त्यानं रागानं पांढरा पडदा ओढला आणि आजीचा चेहरा पूर्ण झाला. आम्ही हॉर्न वाजवून आभार मानले.