दहाचा पाना

बाबुराव बायकोलाच “ताई, आपण कोण?” विचारू लागले, तेव्हा त्यांच्या मुलानं, समाधाननं, बाबांच्या मारुतीच्या बॅटरीची वायर दहाच्या पान्यानं काढली आणि पाना ऑफिसबॅगेत लपवला. किल्ली हाती लागली तरी गाडी आता हलणार नव्हती. पान्यांच्या पेटीत बत्तीसचा वर्षानुवर्षं न वापरता चकचकीत पडून होता. दहाचा मात्र सारखा हरवायचा, त्यामुळे बाबांना संशयही आला नाही. आज समाधान हिंजवडीहून वारज्याला परतला, तर गॅरेज सताड उघडं आणि गाडी गायब. समोरच हायवे होता. “आई, वायर जोडायला पाना कुठून मिळाला बाबांना?” “मागे हरवलेला एक फ्रिजखाली सापडला होता. त्यांनी मागितला, मी दिला.” “अगं, सगळं माहीत असून?” आई रिकाम्या गॅरेजकडेच बघत राहिली. “‘द्वारका, दहाचा दे,’ म्हणाले. वर्षभरानं नाव घेतलं रे माझं.”