नुसतं पास

मेरिसेलची आई न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या एका हॉस्पिटलात नर्स होती, आणि दोन हजार वीसच्या एप्रिलमध्ये ती त्याच हॉस्पिटलात व्हेंटिलेटरवर होती. त्याच आठवड्यात मेरिसेलच्या कॉलेजने घरून शिकणाऱ्या मुलांना विचारलं, यंदा ग्रेड हवी की नुसतं पास?

डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलांना सल्ला देणाऱ्या मिसेस विटकॉम्ब स्क्रीनवरून म्हणाल्या, "पास घे गं. केमिस्ट्री राहू दे, आधी घरचं बघ. या वर्षाचं कोणी काही मनात धरणार नाही."

"नक्की ना? मला ए मिळत होता, मॅडम."

"मी सांगतेय ना."

मेरिसेलने पास घेतलं. नऊ दिवसांनी आई गेली. तिथल्याच एका नर्स मैत्रिणीने आईच्या कानाशी फोन धरला होता, तेवढाच काय तो निरोप.

पुढच्या वर्षी एका मेडिकल कॉलेजने अर्जात विचारलं, केमिस्ट्रीत ग्रेड का घेतली नाही? दोनशे शब्दांत लिहा. ते दोनशे शब्द लिहायला मेरिसेलला तीन आठवडे लागले. मिसेस विटकॉम्बनी ते दोनदा वाचले आणि चष्मा काढला. त्यांना भरून आलंय, असं मेरिसेलला वाटलं.

"छान लिहिलंयस," त्या हळूच म्हणाल्या. "फक्त आईचं जरा कमी कर. यंदा प्रत्येकाच्याच अर्जात कोणी ना कोणी गेलंय."