खरंच

कपाटाला बाहेरून कडी घातलेली लेखिकेला मॉनिटरवर दिसली, तेव्हा कॅमेरा चालू झालेला होता. तालमीत कडी नव्हती. दार नुसतं लोटलेलं असायचं, आणि तिसऱ्या हाकेला ते बोटभर ढकलायचं, असं आत बसलेल्या सात वर्षांच्या मुलीला शिकवलं होतं.

कपाटात माइक होता. लेखिकेने हेडफोन कानांवर घट्ट दाबले. मुलीने दारावर थापा मारल्या आणि अगदी ठसक्यात म्हटलं, "आई, दार उघड, मला नाही खेळायचं." दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं आणि दार ढकललं. ते हललं नाही.

"काका," आतून आवाज आला, "कडी लागलीय."

ह्या सिनेमात काका नावाचं पात्रच नव्हतं. मुलगी काका म्हणायची ती दिग्दर्शकाला.

मुलीची आई लांब, दिव्यांच्या पलीकडे उभी होती. तिच्या कानांवर काही नव्हतं, तिला फक्त थापा ऐकू येत होत्या. पोरगी घरीही अशीच नाटकी आहे, असं ती मेकअपवालीला कौतुकाने सांगत होती. तिला बिचारीला काय ठाऊक, पाठ केलेलं कधीच संपलं होतं.

लेखिका दिग्दर्शकाकडे वाकली आणि दबक्या आवाजात म्हणाली की पोर खरोखरची कोंडली गेलीय. त्याने मॉनिटरवरची नजर हलवली नाही. मांडीवरचं पान तेवढं तिच्याकडे सरकवलं. एका ओळीखाली लाल रेघ होती.

'आता मुलगी खरंच घाबरते.'

ओळ तिचीच. आधीच्या दिग्दर्शकांनी तिच्या पटकथांच्या पार चिंध्या केल्या होत्या, म्हणून ह्याच्याकडून तिने पहिल्याच बैठकीत कबूल करून घेतलं होतं की लिहिलेला एक शब्दही इकडचा तिकडे होणार नाही. ह्या बाबाने शब्द पाळला. इतका, की मागच्या आठवड्यात घरी नवऱ्याला सांगताना तिला भरून आलं होतं.

"खरंच म्हणजे गोष्टीतली मुलगी हो," ती कुजबुजली. "ही नाही."

"तसं कुठे लिहिलंय? तुम्ही लिहिता, मी करतो."

तो चेष्टा करत नव्हता. म्हणूनच तिला त्याची भीती वाटली.

थापा वाढल्या. काका, काका, मग नुसतं आई, आणि तेही असं, की हेडफोन काढून फेकावेत. आणि मग एकदम काहीच नाही. थाप नाही, हुंदका नाही. दिग्दर्शकाचं बोट पानावर खालच्या ओळीकडे सरकलं.

'आतून आवाज येत नाही.'

"बघा," तो पुटपुटला. खूश होता.

लेखिकेने हेडफोन काढले. कोंदट कपाट, एवढीशी पोर. पण चालू शॉटमध्ये शिरायचं म्हणजे काम गेलंच. ह्या माणसाने शिंक आली म्हणून एका कॅमेरामनला घरी बसवलं होतं. ती जागेवरच उभी राहिली. फार नाही, चार-पाच श्वास. पण उभी राहिली, आणि हे पुढे तिला कधी कुणाला सांगता आलं नाही.

मग ती धावली. मागून कुणीतरी ओरडलं, वायर पायात आली. कडी घट्ट बसली होती. ती निघेना. नख मोडलं तेव्हा कुठे निघाली.

मुलगी तळाशी, कोपऱ्यात अंगाचं मुटकुळं करून बसली होती. चेहरा लालबुंद, फ्रॉक ओला. त्याच फ्रॉकचा घेर तिने दोन्ही हातांनी तोंडात कोंबला होता, गाल फुगेपर्यंत. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

उजेड दिसला तसा तिने तो बोळा बाहेर काढला. आधी तिने कॅमेऱ्याकडे बघितलं, मग लेखिकेकडे.

"मावशी," तिने हळूच विचारलं, "आवाज नाही ना आला माझा?"