घंटेच्या पुढचं पान

घंटा वाजली तशी बाईंची बोटं पियानोच्या पट्ट्यांवरून आपोआप उचलली गेली. त्या उभ्या राहिल्या, सभागृहाकडे वळून वाकल्या आणि म्हणाल्या, "थँक यू, सर."

चाळीस संगीतशिक्षकांनी टाळ्या वाजवल्या. कुणाला काही वावगं वाटलं नाही. वाटलं ते बाईंनाच, पण तोवर वाकून झालं होतं.

संगीतशिक्षक संघाच्या घटनेतलं कलम चार सांगत होतं की, नव्या अध्यक्षाने खुर्चीवर बसण्याआधी सभासदांसमोर एक रचना संपूर्ण वाजवून दाखवावी. शिकवणाऱ्याला वाजवताही येतं, एवढं जगाला दिसावं हा हेतू. बाईंनी संघाच्याच पहिल्या परीक्षेची रचना निवडली होती. आधीच्या अकराही अध्यक्षांनी तीच निवडली होती. वर्षभर पोरांकडून घोटून घ्यायची असतेच, निराळा सराव लागत नाही. परीक्षेत प्रत्येक पोराला दोन मिनिटं मिळत. दोन मिनिटं झाली की परीक्षक टेबलावरची घंटा दाबायचा, पोर उठून आभार मानायचं आणि पुढचं पोर आत यायचं. आज मावळत्या अध्यक्षांनी घंटा दाबली ती हाताच्या सवयीने. बाई उठल्या त्या पायांच्या सवयीने.

मावळते अध्यक्ष चेलो शिकवत. त्यांचा आवाज तळघरातून आल्यासारखा यायचा, म्हणून सगळे त्यांना खर्जसाहेब म्हणत.

"या बाई, बसा," खर्जसाहेबांनी खुर्ची पुढे सरकवली. "झालं कलम चार."

खुर्ची चांगली होती. तिला हात होते, पाठीला गादी होती. बाईंनी संघात सव्वीस वर्षं मागच्या रांगेत, घडीच्या खुर्चीवर काढली होती. बसायला काहीच हरकत नव्हती. पण सकाळपासून त्यांच्या डोक्यात लेक ठाण मांडून बसली होती. बूट चढवता चढवता तिने विचारलं होतं, "आई, तू शेवटचं कधी वाजवलंस गं?"

"रोज तर वाजवते."

"ते शिकवणं झालं. मी वाजवणं विचारतेय."

"डबा घेतलास का?" बाईंनी विचारलं होतं.

आता त्या खुर्चीला हात लावून तशाच उभ्या राहिल्या. "साहेब, ही रचना इथे संपत नाही."

"संपते की. घंटा झाली."

"पान संपलं. मागे अजून एक पान आहे."

"असेल. पण ते अभ्यासक्रमात नाही."

"कलमात 'संपूर्ण' लिहिलंय."

"संपूर्ण म्हणजे घंटेपर्यंत," खर्जसाहेब शांतपणे म्हणाले. "अकरा अध्यक्ष झाले, बाई. एकाचंही अडलं नाही."

दुसऱ्या रांगेतले व्हायोलिनचे मास्तर प्रत्येक गोष्टीत जरासे मागाहून पोचत. त्यांना नावच सव्वामात्रा पडलं होतं. ते आत्ता पोचले. "पण काय हो," त्यांनी विचारलं, "ते पान कुणी वाजवलंय का कधी?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आपल्याला येत नसलं तरी शेजारच्याला येत असणार, असं प्रत्येकजण इतकी वर्षं धरून चालला होता.

"माझ्या गुरुजींना नक्की येत असणार," कुणीतरी म्हणालं.

"वाजवलं होतं त्यांनी?"

"नाही. तेही परीक्षाच घ्यायचे."

बाई पियानोकडे परतल्या. पुस्तक संघाचं, जुनं. पहिलं पान पेन्सिलीने काळंभोर झालेलं: बोटांचे आकडे, गोल, बाण, 'हळू', 'अंगठा!', 'पुन्हा तेच?' कोपऱ्यात एक डास कैक वर्षांपूर्वी चिरडून अमर झाला होता. बाईंनी बोट ओलं केलं आणि पान उलटलं. ते चिकटलेलं होतं. करकरत सुटलं.

मागचं पान पांढरंस्वच्छ होतं. त्यावर पेन्सिलीची एक रेघ नव्हती, बोटाचा डाग नव्हता.

"बाई, जेवणं थांबलीयत," खर्जसाहेब म्हणाले.

"थांबू देत."

त्या बसल्या. पहिल्या ओळीला बोटं कुठली घालायची हेच कळेना. पट्ट्या चाचपत, शाळेच्या पहिल्या दिवशी वर्ग शोधणाऱ्या पोरासारख्या त्या पुढे सरकल्या. पहिल्या पानाचा सूर इतकी वर्षं एक पाय उचलून उभा होता. त्याने आता तो कुठेतरी टेकवला. पुढच्याच ओळीत काहीतरी खडखडलं. चाळीस जणांचे ओठ सवयीने 'पुन्हा'साठी उघडले आणि मिटले. ती चूक होती की रचनाच तशी होती, एकालाही सांगता येईना. बाई थांबल्या नाहीत.

घड्याळात दोन मिनिटं कधीच होऊन गेली होती. खर्जसाहेबांचं बोट घंटेवर होतं. त्यांनी ते हळूच काढून घेतलं, बाईंसाठी सरकवलेली खुर्ची उचलून पियानोजवळ नेली आणि आपणच तिच्यावर बसले, पुढे वाकून, गुडघ्यांवर कोपरं टेकून. मागच्या रांगेतून घडीच्या खुर्च्या सरकल्याचे आवाज आले.

तिसऱ्या ओळीशी सुरांनी भलतंच वळण घेतलं. तिकडे जाईल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

"बाई," खर्जसाहेबांनी खालच्या आवाजात विचारलं, "हे असंच आहे का?"

"काय माहीत," पानावरची नजर न काढता बाई म्हणाल्या. "मीही पहिल्यांदाच ऐकतेय."