खड्ड्याच्या तळाशी

धरणाचं पाणी चढायच्या आत तिच्या नवऱ्याला जुन्या नगराचं उत्खनन उरकायचं होतं, आणि इकडे घरातून तिच्याच वस्तू नाहीशा होत होत्या. आधी कंगवा, मग एक कानातलं, काल चहाचा कप. खोदकामावर ती हसरी मदतनीस आल्यापासून तिच्या मनात पाल चुकचुकतच होती.

आज त्याच्या पिशवीत तिची बांगडी सापडली. "कुणाच्या हातात चढवायचीय ही?"

तो ओशाळला. "अगं, खड्डा बुजवताना तळाशी आपल्या काळातलं काहीतरी ठेवतात, आधी कुणी खणून गेलंय हे पुढच्यांना कळायला. बाकीचे नाणं टाकतात. मला वाटलं, कधीकाळी पाणी आटलं, तर त्यांना तू सापडावीस."



तिने त्याचा जुना चष्मा पुढे केला. "मग हाही ठेवा. पाण्याखाली मी एकटी काय करू?"