पॉजचं बटण

जयवंत ढोमण्यांच्या नातीचं बारसं झालं, त्या वर्षापासून आडगावांना औषधं नेणारी विमानं वैमानिकाविना उडू लागली. सिम्युलेटरच्या ऑनलाइन नेटवर्कवर परीक्षा पास झालेली माणसं ती घरात बसून चालवायची.

जयवंतरावांच्या शेवटच्या परीक्षेतलं विमान मात्र खरं होतं. भामरागडला साप चावलेल्या एका मुलीसाठी त्यात इंजेक्शनं होती.

“वैमानिकसाहेब, चहा गार होतोय,” बायकोने टोमणा मारला.

“तुझ्या चहाला अजून धावपट्टी मोकळी नाही,” ते हसले.

उतरताना आडव्या वाऱ्याने विमान कलंडलं. सरावात असं झालं की ते पॉज करून शांतपणे विचार करत. सवयीने बोट त्याच बटणावर पडलं. खरं विमान हवेत थांबत नाही. आज्ञा तुटताच ते आपोआप वर गेलं आणि घिरट्या घालू लागलं. पुन्हा ताबा मिळून ते उतरेपर्यंत बराच वेळ गेला.

“काका, विमानाला ओरखडाही नाही. पास झालात!” हेडफोनमधून परीक्षक म्हणाले.

बायकोने साखर पुढे केली. जयवंतरावांना मान वर करवेना.

“मुलगी कशी आहे?” त्यांनी विचारलं.

भामरागडची नऊ वर्षांची चैती मडावी त्याच दिवशी, विमान उतरण्याच्या थोडं आधी वारली.